तळवा पुसून, अंगठा मागे

३ फेब्रुवारी

दादा,

तू हे पत्र फोडणार नाहीस असं वहिनीने काल फोनवर सांगितलं. "भाऊजी, तुमचं नाव घरात काढायचं नाही म्हणून बजावलंय त्यांनी," म्हणाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पण पत्र आलं तर मी फेकणार नाही, एवढं सांगते." तेव्हा हे पत्र तूर्तास तुझ्या घरातल्या एखाद्या फडताळाला लिहितोय असं समजतो. फडताळ निदान उलटून बोलत नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण ते भांडणासारखं वाटतं, आणि भांडण तेवढं आपलं झालेलं आहे. सूतगिरणीच्या पिळाई खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना पत्रच बरं.

तर मला कोर्टाचं समन्स आलं आहे. आपल्या खात्यातल्या त्या पोरीच्या, टाचणीच्या खटल्यात.

उद्या तू म्हणशील, धाकट्याने काहीतरी फिरवून सांगितलं. म्हणून तिच्या अर्जात आहे तेच इथे उतरवतो. टाचणी खिडकीजवळच्या मशीनवर होती. मशीनच्या दातेरी चाकावरची जाळी काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की अडकलेला सुताचा गुंता काढायला वेळ जातो. शेजारच्या बाईची बाही चाकात गेली. बाही फाटली, हात वाचला. दुसऱ्या दिवशी टाचणीने मशीन बंद केलं आणि सांगितलं, जाळी बसवा, मग चालवते. त्याच पाळीत ती गेटबाहेर गेली. कंपनी म्हणते, ती रागारागाने स्वतःहून काम सोडून गेली, तिला कुणीही जा म्हटलं नाही. ती म्हणते, मला मुकादमाने बाहेर काढलं.

मुकादम म्हणजे तू.

त्यानंतर महिन्याभरात तुला बढती देऊन नव्या कारखान्यावर पाठवलं. तुला निरोप द्यायला मी स्टँडवर आलो होतो. साक्षीदारांत माझं नाव आहे हे तुला तिथेच कळलं. "ती तुझी कोण लागते?" असं तू विचारलंस. मग गाडी सुटली. खरंच कुणी लागत नाही ती माझी.

मी कोर्टात काय सांगणार ते लिहीत नाही. तू त्या दिवशी तिच्यासमोर उभा होतास, मी तुझ्यासमोर. दोघांनाही माहीत आहे.

तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनी म्हणाली, पत्र तिने साखरेच्या डब्यामागे ठेवलंय आणि तू हल्ली चहात साखर स्वतः घालून घेतोस. मी काही विचारलं नाही.

काल टाचणीच्या वकीलबाईंकडे गेलो होतो. टायरवाल्याच्या दुकानावर एक खोली आहे. जिना असा की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला आधी आवाज द्यावा. बाई आपल्या पोरीबाळींच्या वयाच्या असतील. समोर चहा ठेवलेला, त्यावर साय धरलेली. बोलण्याच्या भरात त्या कप उचलतात आणि न पिता परत ठेवतात.

मी विचारलं, "बाई, कंपनी त्यांची, मशीन त्यांचं. त्यांना नको असेल तर ते काढणारच ना?"

"काढू शकतात काका. पण आधी विचारावं लागतं."

"काय विचारावं लागतं?"

"की तुझ्यावर असा असा आरोप आहे, तुझं काय म्हणणं आहे? आणि ती सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं. न ऐकता काढलं, तर ते काढणं कायदा धरत नाही."

"कंपनी मोठी असली तरी?"

"मोठी असली तरी."

"खूप मोठी असली तरी?"

टाचणी बाजूच्या स्टुलावर बसली होती. ती खुदकन हसली. "मी म्हटलं नव्हतं बाई? काका तीनदा खुंटा हलवून बघणार."

"म्हणून तर तिला काढलंय असं ते म्हणतच नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "काढलं म्हटलं की प्रश्न येतो, विचारलं होतं का? म्हणून म्हणायचं, ती आपली आपण गेली."

मी जिना उतरलो आणि टायरवाल्याच्या दुकानासमोर तसाच उभा राहिलो. त्याला वाटलं माझ्या सायकलची हवा गेली.

दादा, तुला कधी कुणी विचारलं होतं का रे, तुझं काय म्हणणं आहे? आठवून बघ. मला शाळेतून काढून तुझ्याबरोबर कामाला धाडलं तेव्हा बाबांनी विचारलं नाही. त्यांना तरी कुणी विचारलं असेल? गुरुजींनी छडी मारण्याआधी विचारलं नाही. तुला नव्या कारखान्यावर पाठवताना साहेबांनी विचारलं नसणार, सांगितलं असणार. मी रोज सकाळी देवापुढे बसतो आणि माझं म्हणणं त्याला सांगतो. तो ऐकतो असं धरून सांगतो. पण त्यानेही आपण होऊन कधी विचारलेलं नाही.

आणि इथे कुठल्यातरी माणसांनी, आपल्याला न ओळखता, एका खोलीत बसून लिहून ठेवलंय की सर्वांत मोठ्याने सर्वांत लहानाला शिक्षा करण्याआधी विचारलंच पाहिजे. ही माणसं कोण असतील? त्यांनी आपल्यासारखं कुणीतरी डोळ्यांसमोर आणलं असेल, त्याशिवाय हे सुचायचं नाही. मला त्या टायरांच्या ढिगासमोर हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत. टायरवाला आधीच बघत होता.

तुझा धाकटा

११ मार्च

दादा,

साक्ष झाली. तुझ्यापासून लपवून काही ठेवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हसं झालं तेही सांगतो.

आधी म्हणजे मी कोर्टाच्या दाराबाहेर चपला काढल्या. ठरवून नव्हे, पाय आपोआप थांबले. पुकारा करणारा शिपाई म्हणाला, "काका, हे कोर्ट आहे. घाला, नाहीतर जातील." आत गेलो तर सगळं साधंच. भिंतीला ओल आलेली, एक पंखा, त्याखाली न्यायाधीशसाहेब, सर्दीने बेजार. शेजारी टाइप करणाऱ्या बाई. कंपनीचे मोठे साहेब पुढच्या बाकावर, टाचणी मागच्या. पण दादा, बाकं दोन्ही सारखीच. लाकूड एकच, उंची एकच. मी दोनदा बघितलं.

शपथ घेतली आणि नाव विचारलं. मी सांगितलं. टाइप करणाऱ्या बाई दचकल्या आणि खिडकीतलं कबुतर उडालं.

"अहो, ओरडू नका," न्यायाधीशसाहेब म्हणाले.

"नाही साहेब, हा माझा आवाज आहे," मी ओरडलो.

मग वकीलबाईंनी विचारलं आणि मी सांगितलं. तुला माहीत आहे काय सांगितलं. की खात्यात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही तोंडाने बोलतच नाही, हाताने बोलतो. दोन बोटं समोरासमोर आणून दूर नेली की धागा तुटला. अंगठा आणि बोट एकमेकांवर पिळलं की जोडला. उजवा तळवा डाव्यावरून पुसला की मशीन बंद कर. अंगठा खांद्यावरून मागे टाकला की गेटबाहेर. आणि त्या दिवशी मुकादमाने टाचणीसमोर उभं राहून तळवा पुसला आणि अंगठा मागे टाकला. मी बघितलं.

मी बोलत होतो आणि ते टाइप होत होतं. माझं वाक्य संपलं की बाईंची बोटं थांबायची, माझी वाट बघायची. शब्द विचार करून उच्चारावा असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

मग कंपनीचे वकील उठले. चांगले दिसायला, बोलायला मऊ.

"मुकादम तुमचे सख्खे भाऊ?"

"हो."

"बोलणं आहे?"

"सध्या नाही."

"सध्या नाही," ते न्यायाधीशसाहेबांकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "या खुणा कुठे लिहिलेल्या आहेत का? नाहीत. बरं, मोठे साहेब खात्यात आले, तर त्याला काय खूण करता?"

मी पुढच्या बाकाकडे बघितलं.

"शपथेवर आहात."

काय करणार? मोठे साहेब समोर बसलेले. मी दोन्ही हातांनी पोटाखाली पँट वर ओढल्याची खूण केली. सगळी खोली हसली. पुकारेवालासुद्धा. मोठ्या साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि नेमकी पँट वर ओढली.

हसणं थांबल्यावर वकील मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे ही चेष्टा आहे साहेब. कामगार आपापसात करतात तशी. भावाभावांचं भांडण आणि हातवारे, यावरून माणूस काढला असं ठरवायचं का?"

न्यायाधीशसाहेबांनी वकीलबाईंना विचारलं, दुसरं कुणी सांगायला येणार आहे का? बाईंनी मागे बघितलं. खात्यातलं कुणी आलेलं नव्हतं. येणारही नव्हतं, ज्याला त्याला आपलं घर आहे.

परत जाताना टाचणी म्हणाली, "काका, तुम्ही फार चांगलं सांगितलंत." तिला खोटं बोलता येत नाही. चेहरा पडलेला होता. हल्ली ती सकाळी एका दुकानाचे काच-दरवाजे पुसते. तिची आई मला नेहमी विचारते, पोरीला परत घेतील ना? या वेळी विचारलं नाही.

तुझा धाकटा

२ एप्रिल

दादा,

कंपनीतर्फे आता तुझी साक्ष आहे असं कळलं. कंपनीच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर तुझी सोय केली आहे म्हणे. तिथे पलंग मऊ असतात, तुझी पाठ धरेल. आपल्या घरी झोपायला फळी आहे. किल्ली नेहमीच्या जागी, कुंडीखाली. हिने पांघरूण उन्हात घालून ठेवलंय.

काय बोलावंस हे मी सांगत नाही. लहानपणापासून मला बोलायचं काय हे तू शिकवलंस, उलटं कधी झालं नाही. खुणासुद्धा तूच शिकवल्यास. पहिल्या दिवशी मी खात्याच्या दारात कानांवर हात धरून रडकुंडीला आलो होतो. तू माझे हात कानांवरून काढलेस आणि म्हणालास, हे हात कान झाकायला नाहीत, बोलायला आहेत. मला ऐकू आलं नव्हतं, ओठांवरून कळलं.

एवढंच लिहायचं होतं.

तुझा धाकटा

१८ एप्रिल

दादा,

तू घरी आला नाहीस. मागच्या दाराने कंपनीच्या गाडीत बसून गेलास हे पुकारेवाल्याने सांगितलं. पांघरूण तसंच घडी घातलेलं आहे.

जे झालं ते तुलाच काय सांगायचं? पण तू आतून बघितलंस, मी बाहेरून. बाहेरून कसं दिसलं ते तुला कुणीतरी सांगायला हवं.

तू पांढरा शर्ट घातला होतास, नवीन, घडीच्या रेघा दिसत होत्या. आमच्या बाकाकडे बघितलं नाहीस. कंपनीच्या वकिलांनी तुझ्या कानाजवळ येऊन विचारलं, "तुम्ही त्या बाईंना कामावरून जा असं म्हणालात का?" आणि तू म्हणालास, "नाही." टाचणीने मान खाली घातली. मी मात्र मनात म्हटलं, खरं बोलतोय. म्हणाला नव्हताच.

मग आपल्या वकीलबाई उठल्या. "त्या दिवशी काय काय घडलं ते सांगा." आणि नेमके त्याच वेळी दिवे गेले, पंखा थांबला, आणि खिडकीखालचं जनरेटर सुरू झालं.

दादा, ते जनरेटर आपल्या खात्यासारखंच आहे. तोच आवाज, तीच जमिनीतून पायात चढणारी थरथर. वकीलबाईंचे ओठ हलत राहिले, न्यायाधीशसाहेबांनी खिडकी लावा म्हणून हात केला, शिपाई खिडकीच्या कडीशी झटत होता. सगळे थांबले होते. तू थांबला नाहीस. प्रश्न तू ओठांवरून वाचला होतास, आणि आवाज वाढला की आपण काय करतो? तेच तुझ्या हातांनी केलं.

पहिल्यांदा हात वर आले तेव्हा मला वाटलं, घाम पुसतोस. मग दिसलं. खिडकीकडचं मशीन. बंद. चाक. जाळी नाही. ती म्हणते, जाळी आणा. मग तू दोन्ही हात पोटाशी नेलेस आणि पँट वर ओढलीस. मोठे साहेब. कुठे? तुझ्या मागे, मला त्या दिवशी खांबाआड दिसले नव्हते ते. साहेबांचं बोट तिच्याकडे, मग गेटकडे. मग तुझा उजवा हात वर आला आणि तिथेच थांबला. त्या दिवशीही असाच थांबला होता, मी बघितलं होतं, कोर्टात सांगायचं राहून गेलं. मग तळवा पुसलास. अंगठा मागे टाकलास.

त्या खोलीत एवढी माणसं होती आणि तुझं बोलणं दोघांनाच कळलं, मला आणि टाचणीला. ती उभी राहिली. तिचे हात हवेतच होते, तुला उत्तर दिल्यासारखे. मी देवाला नेहमी म्हणतो, काहीतरी दाखव. कधी काही दिसलं नाही, तक्रारही नाही. त्या दिवशी दिसलं असं म्हणू का? जनरेटर रोजच सुरू होत असेल. पण मी म्हणतो.

शिपायाने खिडकी लावली. आवाज दबला. आणि तेव्हा तू आपल्या हातांकडे बघितलंस, जसं काही ते दुसऱ्याचे आहेत.

न्यायाधीशसाहेब पुढे वाकले. "हे तुम्ही काय करत होता?"

कंपनीचे वकील लगेच म्हणाले, "काही नाही साहेब, त्यांना ऐकू कमी येतं, गोंधळले."

साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत तुलाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

दादा, तुला सुटता येत होतं. तुला गोंधळलो म्हणता येत होतं. वकिलांनी दार उघडून धरलं होतं, फक्त बाहेर पडायचं होतं. मोठे साहेब तुझ्याकडे बघत होते. तुझं घर, वहिनी, तुझी बढती, सगळं त्या बाकावर बसलेलं होतं. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं तुझी वाट बघत होती.

आणि तू आपल्या खात्यातल्या आवाजात ओरडलास, "साहेब, जे हातांनी सांगितलं, तेच तोंडाने सांगतो. लिहून घ्या."

कबुतर पुन्हा उडालं.

मी लहानपणापासून तुला घाबरत आलो. तुझ्याबद्दल अभिमान होता, रागही होता. पण त्या दिवशी जे वाटलं ते वेगळं होतं. माणूस इतका मोठा असतो आणि शेजारच्या फळीवर झोपून घोरत असतो, हे कसं कळावं?

तुझा धाकटा

९ जून

दादा,

निकाल लागला. टाचणीला परत घ्यायचं. जाळी बसवायची. आणि एक ओळ अशी आहे की ती वकीलबाईंना मी पुन्हा वाचायला लावली. मधला काळ ती कामावर होती असंच धरायचं. म्हणजे ती बाहेर गेलीच नव्हती असं समजायचं! काच-दरवाजे पुसले ते दिवससुद्धा पिळाई खात्यातलेच. तुटलेला काळ असा जोडता येतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हे फक्त वरच्याला जमतं.

ती आज आली. गेटवरच्या पहारेकऱ्याने उगाच पास तपासला आणि उगाच सलाम केला. खात्यात सगळे धाग्याकडे बघत होते. पण ती मशीनजवळ पोचली तेव्हा ज्या बाईची बाही चाकात गेली होती, तिने आपल्या मशीनवरून वाकून टाचणीच्या जाळीवर थाप मारली. आवाज कुणाला ऐकू आला नाही, सगळ्यांना दिसला.

आता तुझं. वहिनी सकाळी फोनवर रडत होती. तुला कामावरून थांबवलंय आणि हातात आरोपाचा कागद दिलाय. कंपनीविरुद्ध खोटी साक्ष दिली, नाव खराब केलं. तू म्हणतोस, "जाऊ दे, राजीनामा देतो, मला तोंड दाखवायचं नाही." म्हणे दिवसभर भिंतीकडे बघत बसतोस.

दादा, राजीनामा देऊ नकोस. ऐक. तो कागद आला ही वाईट गोष्ट आहे, पण तो कागद त्यांना द्यावा लागला ही केवढी गोष्ट आहे! टाचणीला त्यांनी अंगठ्याने बाहेर घालवलं. तुला घालवता येत नाही. तुला आधी विचारावं लागतं. आणि तसं का झालं? तू तिथे उभा राहून ओरडलास म्हणून. राजीनामा दिलास तर ते म्हणतील, तो आपला आपण गेला. हे वाक्य आपण आधी ऐकलंय.

मी त्याच जिन्याने वर जाऊन वकीलबाईंना विचारून आलो. चौकशीला बसायचं. कोर्टात सांगितलेल्या खऱ्यासाठी शिक्षा करता येत नाही, ते त्या बघतील. ऐकू कमी येतं म्हणून प्रश्न लिहून द्या असं मागता येतं. आणि मदतीला म्हणून कंपनीतल्या एका कामगाराला शेजारी बसवता येतं. कुणाला, ते ज्याची चौकशी आहे त्यानेच ठरवायचं. त्याचं नाव आधी लिहून द्यावं लागतं.

तिथे तुझ्या नव्या कारखान्यात चांगली माणसं असतील. कुणाला घ्यायचं ते तू बघ. मी काही म्हणत नाही.

टाचणीचा निरोप आहे. तू साक्षीला बोलावलंस तर ती येणार आहे. मी तिला म्हटलं, "अगं, त्याने तुला बाहेर काढलं होतं." तर म्हणाली, "तेच सांगणार ना. की यांनी मला बाहेर काढलं, आणि यांनीच आत आणलं. दोन्ही खरं आहे." मग मला टोमणा मारला, "तुमच्यासारखं ओरडणार नाही मात्र." इतकं सरळ बोलणारी माणसं देवाने बनवली आणि आपल्या खात्यात ठेवली. आपल्याला वाटायचं, नुसतंच सूत पिळलं जातंय तिथे.

तुझा धाकटा

२७ जून

दादा,

आज दुपारी ऑफिसातल्या कारकुनाने मला बोलावलं. मला वाटलं, आता माझा कागद आला. कारकून म्हणाला, "सही करा, पोचल्याची." मी चष्मा पुसला.

वर तुझं नाव होतं. खाली लिहिलं होतं की चौकशीच्या वेळी सहायक म्हणून यांनी पुढील कामगाराचं नाव दिलं आहे. त्याखाली माझं नाव. तुझं पूर्ण नाव आणि माझं पूर्ण नाव, एकाखाली एक. दोन्ही नावांत मधोमध बाबांचं नाव, वरही तेच आणि खालीही तेच. बाबांना सही येत नव्हती. त्यांचं नाव एकाच कागदावर दोनदा, आणि तेही कुणाची तरी बाजू मांडायला.

कारकुनाने विचारलं, "भाऊ का?"

"हो."

"बोलणं आहे?"

मी कागद त्याच्यापुढे केला. म्हटलं, "हे काय, आत्ताच बोलला की."

तू पत्रांना उत्तर दिलं नाहीस. हेच उत्तर. मला दुसरं नको.

खात्यात परत आलो तर टाचणीने मशीनवरून हात हलवून विचारलं, काय झालं? भावाला आपल्याकडे खूण नाही, कधी गरज पडली नसावी. मी अंगठा आणि बोट एकमेकांवर पिळलं. ती समजली. तिने ती खूण पुढच्या मशीनवर दिली, त्या बाईने त्याच्या पुढे, आणि मी बघत राहिलो, ती खूण खात्याच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन पोचली. शेवटच्या माणसाला काय कळलं असेल कोण जाणे. त्यानेही हात वर केला.

मी चौकशीच्या आदल्या दिवशी निघतो. वहिनीला सांग, पलंगाची खटपट नको, फळी असेल तर फळी, नसेल तर जमीन. तिने साखरेच्या डब्यामागे ठेवलेली पत्रं तू फोडली असलीस तर बरं, नसलीस तरी आता काही अडत नाही.

चौकशीला मी तुझ्या डावीकडे बसेन, तुझा उजवा कान अजून थोडा शाबूत आहे, तो त्यांच्याकडे असू दे. ते विचारतील, तुमचं काय म्हणणं आहे? घाई करायची नाही. त्यांना थांबावं लागतं, हे लक्षात ठेव. ऐकू आलं नाही तर माझ्या हातांकडे बघ.

तुझा धाकटा